झडती

पपई झाली, इसबगोल झालं,
रात्री भिजवलेल्या काळ्या मनुका झाल्या,
काठी टेकत जिन्यापर्यंत सात फेऱ्या झाल्या.
चौथा दिवस.
दादांचं पोट प्रेसच्या फाटकासारखं बंद.

कंपवातात आतडीही मंदावतात, डॉक्टर म्हणाले.
मला फक्त हात माहीत होते.
अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर घासत राहतात दिवसभर,
नाशिकरोडच्या त्या हॉलमध्ये बसून
अजून नोटांचे ताव मोजत असल्यासारखी.
निवृत्तीला अकरा वर्षं झाली,
गड्डी संपत नाही.

मागच्या महिन्यात शरणपूरहून साळवे सिस्टर आल्या होत्या शिकवायला.
पाणी आधी मनगटावर, म्हणाल्या, बाळाच्या दुधासारखं.
पिशवी पलंगापासून दीड फूट वर, हावरटासारखी छताला टांगू नकोस.
नळीच्या टोकाला जेली, कंजुषी नको.
आत जात नसेल तर जात नाही,
रेटायचं नाही. रक्त दिसलं तर थांबायचं, मला फोन.
आणि रोज नाही हं, पोट आळशी होतं.

दारातून सोनाआत्या म्हणाली,
पोरीनं बापाचं हे करायचं?
सिस्टरनी नळीतली हवा काढली,
बादलीत टपटप झालं थोडं,
मग म्हणाल्या, आत्या, त्या जागेला नातं कळत नाही,
पाणी गार की कढत, एवढंच कळतं.

आज सिस्टर नाहीत.
मेणकापड, त्यावर जुना टॉवेल, खिडकीला चादर.
दादा डाव्या कुशीवर, उजवा गुडघा छातीशी,
भिंतीकडे तोंड.
एवढी लहान पाठ माझ्या बापाची कधी झाली?

दादा, लाज वाटतेय का?

छे.
तीस वर्षं सुटीचा भोंगा झाला की रांगेत उभा राहिलो,
हात वर करून.
खिसे, चपला, बनियन.
डब्यातल्या पोळीची घडीसुद्धा उलगडून बघायचे.
इथं नवीन काय?

पण कानाची पाळी लाल झाली होती.
मी बघितलं नाही असं केलं
आणि चाप सोडला.

पाणी जातं तेव्हा आवाज होत नाही.
पिशवीवरच्या रेघा तेवढ्या एकेक उघड्या पडतात.
अर्ध्यावर ते म्हणाले, थांब, कळ.
चाप बंद. तोंडानं श्वास घ्या. सावकाश.
त्यांनी घेतला. मीही घेतला, कशाला कोण जाणे.
कळ ओसरल्यावर पुन्हा सोडलं.

आता दहा मिनिटं धरून ठेवायचं.
दहा मिनिटं फार मोठी असतात, त्यात बोलायचं काय?
मोजा, म्हटलं.
ते मोजायला लागले, जुन्या सुरात, भराभर,
आणि त्र्याहत्तरला अडकले.
त्र्याहत्तर. त्र्याहत्तर.
ज्यांच्या हातून एक ताव कधी इकडचा तिकडे झाला नाही
ते एकापासून परत निघाले.
मी पाठीवर हात ठेवून बसले होते.
खाली दूधवाल्याची किटली वाजली, कुणीतरी स्कूटरला लाथा मारत होतं.

मग घाई. खांदा माझा, काठी त्यांची,
कमोडची खुर्ची, चादरीचा पडदा.
मी पाठ करून उभी.
जे व्हायचं ते झालं, बराच वेळ झालं,
आणि पडद्याआडून
कित्येक महिन्यांत न ऐकलेला त्यांचा ड्यूटीवरचा आवाज आला,
काय सापडलं झडतीत?

सगळं, म्हटलं. सगळं जमा.
मग आम्ही दोघं हसलो, आणि ते हसताना
अजून थोडं झालं, म्हणून पुन्हा.

धुतलं, पुसलं, खोबरेल लावलं.
वहीत लिहिलं: गुरुवार, सव्वासात, रक्त नाही.
पिशवी साबणानं धुऊन वाळत घातली खिळ्यावर,
त्यांच्या प्रेसच्या बिल्ल्याशेजारी.
दुसरा खिळाच नाही त्या भिंतीत.

आत्यानं चहा आणला.
मला काही बोलली नाही,
आलं मात्र जास्त घातलं होतं.
दादांनी बशीतून प्यायला, थोडा सांडला,
बोटं मोजतच होती.