दोष तेलाचाच

ओझ्बाल्टनं सायकल दाराला टेकवली
आणि टोपी न काढताच म्हणाला,
पुढचा फोर्क लाकूड झालाय.
दबतच नाही. तेल वाळलं असणार.

बघते, म्हटलं.

चार महिने तो दिसला नव्हता.
मेझित्सात कुणी असं दिसेनासं झालं
की लोक विचारत नाहीत,
पावाचे भाव बोलतात.
त्याच्या जॅकेटात आता
आणखी एक माणूस मावला असता.

आधी हवा मोजायची.
काटा एकशे चारवर.
मीच भरलेली, गेल्या एप्रिलात,
तो चौऱ्याण्णव किलोचा असताना.
आकडा कागदी पट्टीवर लिहिला, बाकाला चिकटवला,
मग व्हॉल्व्ह दाबला.
बराच वेळ फुसफुसत राहिली ती.
ओझ्बाल्ट खिडकीबाहेर बघत होता,
पेत्सावर अजून बर्फ होतं.

पायाखालचे दोन बोल्ट चार-चार आटे सैल,
रबरी हातोडीचा एकेक ठोका,
आत काहीतरी सुटल्याचा आवाज,
आणि खाली ठेवलेल्या ताटलीत तेल.
दोन्ही पायांचं मिळून जेमतेम तीन चमचे.
सोनेरी गेलं होतं, करडं आलं,
इथल्या शिशाच्या रंगाचं.
बोटांत चोळून पाहिलं.
वाळलं नव्हतं.
खरं तर अजून एक हंगाम निघाला असता त्याच्यावर.

काळं झालंय ना? त्यानं स्टुलावरूनच विचारलं.
झालंय, मी म्हटलं.

मग तो खाणीतल्या पंपाबद्दल बोलायला लागला.
खाली अकराव्या पातळीवर एक म्हातारा पंप होता,
सगळे म्हणायचे मोडीत काढा,
यानं एका रात्रपाळीत तेल बदललं
आणि तो खाण बंद होईपर्यंत पाणी उपसत राहिला.
ही गोष्ट मी सातव्यांदा ऐकत होते.
मागच्या सहा वेळा ती सांगताना
तो मध्ये थांबून दम घेत नव्हता.

नळ्या पुसल्या, ओरखडा नाही.
फोमच्या कड्या बाहेर काढल्या,
पिळल्या, धुतल्या, ताज्या तेलात बुडवून ठेवल्या,
वड्यांसारख्या त्या फुगत गेल्या.
सीलच्या ओठांवर बोटभर ग्रीस.
खालचे पाय परत चढवले, अर्ध्यावरच,
सायकल तिरकी केली
आणि सिरिंजनं बुडाच्या भोकातून
मोजून दहा-दहा मिली.
सुई नसलेली सिरिंज.
तरी त्यानं मान वळवली.

नवे वॉशर, बोल्ट, टॉर्कच्या पान्याची टक्.

आता हवा.
सत्तरवर थांबले. थोडा विचार केला.
अडुसष्ट.
लाल गुंडी तीन टिचक्या सैल केली,
नाहीतर फोर्क झोपेतून उठल्यासारखा वर येतो.
तिलेननं काट्याकडे पाहिलं,
पट्टीकडे पाहिलं,
तोंड उघडलं.
मी त्याच्या हातात फडकं दिलं.
फरशी पूस.

ओझ्बाल्ट अंगणात गेला.
दिवे ठेवायच्या जुन्या खोलीला तीन पायऱ्या आहेत,
त्यावरून उतरला.
पहिल्यांदा जपून.
दुसऱ्यांदा उभा राहून.
फोर्क पायरीपायरीला दबला, वर आला, दबला.
तो वळला तेव्हा धापा टाकत होता
आणि टोपी पडली होती.
डोक्यावर नुकते कुठे उगवायला लागलेले केस,
पिलाच्या अंगावर असतात तसे.

बघ, म्हणाला. सांगत होतो ना. तेलच होतं.

तेलच होतं, मी म्हटलं.

बिलात वीस मिली तेल लावलं, दोन वॉशर, तासाभराची मजुरी.
हवेचे पैसे आम्ही घेत नाही.

तिलेन दिवसभर माझ्याशी नीट बोलला नाही.
एकशे चारची पट्टी बाकाला तशीच आहे,
कडा काळ्या झाल्यात.
वजन वाढलं,
तर भरायला मिनिटभरही लागत नाही.