कठड्यावरचा हातमोजा

सांगायची होती खरं तर सशाची गोष्ट,
पण त्या रात्री ससा सुचेना.
खिडकीबाहेर हडर्सफील्डचा पाऊस,
तिरका, हट्टी,
आणि निषाद म्हणत होता, आई, सांग ना लवकर.

मग म्हटलं,
एक होता हातमोजा. लाल. डाव्या हाताचा.
शाळेच्या उतारावर पडला बिचारा.
बूट आले, बूट गेले,
बाबागाडीचं चाक त्याच्या अंगठ्यावरून गेलं.
मग एक बाई थांबली.
तिनं तो उचलला, पिळला,
लोखंडी कठड्याच्या टोकावर नीट बसवला,
पाचही बोटं वर,
जणू वर्गात कुणी म्हणावं, हजर.

कोण होती ती?
माहीत नाही.
तिच्या हातात पिशव्या होत्या?
होत्या. दोन.
मग उचलला कसा?
पिशव्या खाली ठेवल्या.
ओल्यात?
हो रे, ओल्यात. झोप आता.

तात्पर्य सांगितलं नाही.
आम्हाला लहानपणी रोज मिळायचं ते,
आम्ही गोष्ट खाऊन
ताटाच्या कडेला काढून ठेवायचो, कढीपत्त्यासारखं.

तेव्हापासून शाळा गाठायला वीस मिनिटं जास्त लागतात.
निषाद वाकतो, उचलतो, अडकवतो:
एक टोपडं, एक चोखणी, कुणाचा तरी बसचा पास.
एकदा अर्धं खाल्लेलं सँडविच,
तेवढं मात्र मी नको म्हटलं.
मुलांना रस्ता ओलांडून देणाऱ्या मिसेस अ‍ॅकरॉइड
गोल पाटी काखेत धरून म्हणाल्या,
तुझ्या पोरानं दुकान मांडलंय की गं कठड्यावर.

परवा शाळा सुटल्यावर
कुणाची आई आली नव्हती वेळेत.
तो मुलगा रडत होता फाटकापाशी.
निषाद घरी येऊन म्हणाला,
मला उचलता नसता आला तो, जड होता,
म्हणून नुसता उभा राहिलो शेजारी.

एक दिवस सांगायला हवं त्याला.
मोजा खरा होता. लाल, डावा.
पिशव्याही खऱ्या. दोन.
बाई तेवढी मी रचली.
पाऊस होता, उशीर झाला होता,
मी त्याच्यावरून पाय टाकून पुढे गेले.

अजून धीर झालेला नाही.
आज बाजारातून येताना त्याच उतारावर
एक राखाडी मोजा दिसला, चिखलात पालथा.
मागेपुढे पाहिलं. कुणीच नव्हतं.
ठेवल्या खाली पिशव्या, ओल्यातच.

एकीत अंडी होती.