तांबडी फुली

दिवाडीच्या शाळेत मी इंग्रजी शिकवते.
सहावी ब. पंखा एक, खिडक्या चार,
त्यातल्या दोन उघडत नाहीत.
डिचोलीहून बस, नार्व्याहून फेरीबोट.
घरातलं घड्याळ सात मिनिटं फास्ट लावलंय,
तरी रोज रँप वर उचलताना
चपला हातात घेऊन पळणारी बाई
मीच.

परवा चाचणी घेतली. अर्थ लिहा, गुण पाच.
तिसरा शब्द फास्ट.
जलद, लिहिलं पोरांनी. वेगाने. भरभर.
एकाने नुसतं 'पल्सर' लिहिलं,
अर्धा गुण दिला, हसू आलं म्हणून.
लिओनाने लिहिलं होतं:
'घट्ट बांधलेलं. हलत नाही ते.'
मी फुली मारली.
सव्वीस वह्या होत्या आणि बोट सुटायला
वीस मिनिटं.

धक्क्यावर तिचा आजोबा बसलेला, इनास,
जन्मभर तारवटी,
आता पाण्याकडे नुसतं बघायची नोकरी करतो.
भरतीला ओढ होती, बोट टेकेना,
तेव्हा हा उठून ओरडला, "मेक फास्ट, रे!"
आणि दोरवाला पोरगा
धावला नाही.
वाकला. खुंट्याला दोन वेढे, तिसरा उलटा,
आणि ते अख्खं लोखंड,
त्यावरच्या अकरा स्कूटर, मासळीचा टेंपो,
टेंपोवरचा कावळा,
सगळं गप्प झालं.

"टीचर," म्हणाला, "हा हुकूम ऐकला
की आमचा जीव खाली बसायचा.
म्हणजे बंदर आलं. म्हणजे घरची चिठ्ठी मिळणार.
मोंबासा, डर्बन, खंयही जा,
फास्ट म्हणजे पावलो."
मग खिशात काहीतरी शोधत:
"धावायला काय, दर्या आहेच."

फुलीचं मी त्याला सांगितलं नाही.

त्या संध्याकाळी तो शब्द पाठ सोडेना.
डिचोलीच्या बाजारात सातार्डेकर गज उलगडत म्हणाला,
"रंग फास्ट आहे बाई, बिनधास्त धुवा."
म्हणजे पळणार नाही.
पळत नाही, म्हणून फास्ट!
लिओनाची आजी इश्टराआधी चाळीस दिवस
मासळीला हात लावत नाही, तोही फास्ट.
माझी संकष्टीही.
चंद्राला वर यायला किती वेळ लागतो
ते भुकेल्या माणसाला विचारा.
वर्षातल्या सगळ्यात सावकाश दिवसांना
हे नाव कुणी दिलं असेल?

रात्रपाळी करून नवरा आला, आडवा पडला
तो थेट फास्ट अस्लीप,
तोंड उघडं, हात खाटेबाहेर.
बाहेर वळणावर कुणी बाईक रेमटवत गेला.
एकाच शब्दाची दोन पोरं,
एक माझ्याजवळ झोपलेलं,
दुसऱ्याच्या आईचा विचार करत मी जागी.

सकाळी वही मागून घेतली.
खोडरबर लावला. मग ओलं बोट.
मग, खोटं कशाला सांगू, ब्लेड.
फुली गेली नाही.
कागदाला भोक पडलं
आणि भोकाच्या कडेलाही तांबडं.
शाई चांगली निघाली, दहा रुपयांचं पेन.
शेजारी लिहिलं: बरोबर. एक गुण.

लिओना वही डोळ्यांजवळ नेऊन बघत राहिली.
"टीचर, मग आधी चूक का होतं?"
"मी घाईत होते गं."
"घाईत म्हणजे?"
अख्खा वर्ग माझ्याकडे बघायला लागला,
पल्सरवालाही.

सांगते, म्हटलं. बसा.
त्या दिवशी साडेपाचची बोट गेली
ती मी धक्क्यावरून बघितली,
चपला पायातच होत्या.