कारणाचा रकाना

गंगावेशीतून रात्री पावणेनऊला सुटणारी शेवटची गाडी
एक तारखेपासून बंद, असं पत्र आलं.
खाली गोल शिक्का,
आणि कारण दोन शब्दांत : उतारू कमी.

खोटं नव्हतं ते.
गाडीत असायचे चौघं.
सीपीआरमधनं ड्यूटी संपवून येणारी दस्तगीर मुल्लांची शाहीन,
कापडदुकानात मापं काढणारा नेमू उपाध्ये,
आणि क्लासची दोन पोरं, तीही परीक्षा जवळ आली तर.
बाकी अख्ख्या गावाच्या बुडाखाली मोटरसायकल,
आणि मोटरसायकलींच्या बुडाखाली मी.
माळवाडी फाट्यावर माझं गॅरेज आहे.
केएमटी बंद पडली तर माझं चांगलंच झालं असतं,
हे मी बैठकीत बोललो नाही.

बैठक तालमीत.
आधी तासभर गणपतीच्या वर्गणीवरनं भांडण,
मग कुणीतरी पत्र वाचलं.
निवेदन देऊया. मोर्चा काढूया.
पोरं म्हणाली, टायर जाळूया,
आणि टायर म्हटल्यावर सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं.

बायका तालमीत पाय ठेवत नाहीत.
अक्काताई चौगले दाराबाहेरनंच म्हणाली,
"उतारू कमी हाईत न्हवं?
मग बसा की गाडीत."

इतकं सोपं होतं, की कुणाला पटलंच नाही.
तरी चार दिवसांनी पाळ्या लागल्या,
उसाला पाणी सोडायच्या असतात तशा.
सोमवारी खालची गल्ली, मंगळवारी मुल्ला गल्ली,
बुधवारी तालमीची पोरं, त्यांना अर्धी गाडी लागते.
वही माझ्याकडं,
कारण थांबा माझ्या दारात
आणि ऑइलच्या बोटांचे ठसे पुसता येत नाहीत.

मग काम नसताना माणसं शहरात जाऊ लागली.
हिंदूरावतात्या तीन वर्षांनी फाट्याच्या पुढं गेला,
दूधकट्ट्यावर उभ्या म्हशीचं धारोष्ण दूध प्याला
आणि मिशीला फेस ठेवूनच परतला,
घरी पुरावा पाहिजे म्हणून.
भाऊबंदकीत बोलणं तुटलेले दोघं
एकाच पाळीत आले, एकाच बाकावर आले,
शिवाजी पुलावर एकानं खिडकी ओढली,
दुसरा म्हणाला, "र्‍हाऊ दे, वारं लागतंय."
एवढंच. पुढं काही नाही. कोर्टात तारखा चालूच आहेत.

एका रात्री पुलाअलीकडं तपासनीस चढला.
डोकी मोजली. एकतीस.
पुन्हा मोजली.
"कोण कशाला गेलतं शहरात?"
गाडीत कुणी बोलेना. कंडक्टर छताकडं बघू लागला.
शेवटी अक्काताईच,
"गाडी बघायला."
त्यानं पेन उचललं, कागद उलटा केला, सुलटा केला.
छापील कागदावर आकड्याचा रकाना होता,
कारणाचा नव्हता.
एकतीस लिहून तो उतरला.

तीन महिन्यांची मुदत मिळाली.
फटाके वाजले, ते मला आवडलं नाही.
तीन महिने म्हणजे नव्वद पाळ्या,
आणि ऊसतोड लागली की माणसं मिळत नाहीत.
कालच वहीत सात आहेत.
दोन नावांपुढं मी खोटी टिक केली,
मग खोडली. मशीनमधनं तिकीट फाटल्याशिवाय
आमची वही म्हणजे आमचीच समजूत.

आज पाळी कुणाचीच नव्हती, म्हणून मी आलो.
गॅरेजला कुलूप, एक गिऱ्हाईक चिडून गेलं.
पुढच्या बाकावर शाहीन झोपलीय,
कपाळ खिडकीच्या गजाला,
मांडीवर डबा, डब्यावर हात.
गेली चार वर्षं ती अशीच झोपून येते म्हणे,
आणि ड्रायव्हर आंबेवाडीच्या गतिरोधकावर
गाडी दुसऱ्या गिअरात टाकतो.
हे मला गॅरेजमधनं कधी दिसलं नव्हतं.

कंडक्टरनं विचारलं, "कुठलं?"
म्हटलं, माळवाडी फाटा.
"एक?"
मी मागं वळून रिकाम्या बाकांकडं बघितलं.
एकच, म्हटलं.