मांडीतला गाळ

भिलवडीच्या खालच्या अंगाला
काहिलीत बसलो. तिला अजून गुळाचा वास.
"हलू नगंस," असं मला बजावत
आईच हलत होती,
छातीशी मेणबत्त्यांचा पुडा.

बेटावर विहार म्हणजे चार पत्रे, एक वाळुंज
आणि पुराची रेघ, बुद्धाच्या कानापाशी.
पाणी उतरलं की सुगंधाक्का
त्याच्या मांडीतला गाळ ओंजळीनं काढते,
मागं नेऊन टाकते,
त्यात वांगी लावते.

वंदना म्हणताना
आई तिसऱ्या सरणंला थांबली.
तिथं अण्णांचा आवाज चढायचा.
मग नदीच ऐकू आली थोडा वेळ.

निघताना अक्कानं पदरात सहा वांगी घातली,
देठाला काटे.

यशवंता नावाड्यानं पैसे घेतले नाहीत.
दोन वांगी घेतली.