खाडा

दूध आलं नाही की आई कॅलेंडरवर
त्या तारखेच्या पोटात बारीक ‘खा’ लिहिते.
महिनाअखेरीला मोजायचे खाडे,
तेवढे पैसे वजा.
अख्ख्या वर्षाचा खाडा लिहायला
कुठल्याच कॅलेंडरात चौकट नाही.

दुसऱ्या फेरीत नाव लागलंय.
कॉम्प्युटर, संगमनेर.
शुक्रवारी पाचपर्यंत बटण दाबायचं,
नाहीतर जागा खालच्या नंबराला.
असेल ती येवल्याची, नाहीतर कळवणची,
मोबाइल उशाशी घेऊन झोपत असेल.

मला काय हवंय ते सांगायला गेले
की तोंडात येईस्तोवर लहान होतं.
नांदूरमध्यमेश्वरला एक सबंध हिवाळा.
चक्रवाक येतात तो दिवस बघायचाय,
आणि निघून जातात तो.
बस.
दोन वर्षं कॅनडा कॉर्नरच्या क्लासात
रविवारसुद्धा मला अ ब क ड असा दिसायचा.
हेही असेल की नुसती झोप हवी होती
आणि पक्षी मागाहून सुचले.

निकमकाकू जिन्यात विचारतात, हिचं कुठे झालं?
जसं काही स्थळ.
पिंपळगावचा मामा म्हणाला,
एप्रिलात खरड छाटणी करतो आम्ही,
तेव्हा काय द्राक्षं लागतात का?
नुसती काडी पिकते. ऑक्टोबरला पुन्हा कात्री, मग माल.
सगळ्यांनी माना हलवल्या.
मलाही पटलं, गेटपर्यंत.
पण वेलीला कुणी थांबवून विचारत नाही
की शेजारच्या ओळीतली पुण्याला गेली, तुझं काय.

मंगळवारी मी कोर्टाच्या भिंतीशी गेले,
सीबीएसपासून चालत.
टायपिंगवाल्याकडे मजकूर तयारच होता:
मी, केतकी सुभाष कापडणीस, वय वर्षे अठरा,
राहणार सातपूर,
सत्य प्रतिज्ञेवर लिहून देते की
सदर कालावधीत मी कोठेही…
‘कारण काय टाकू? आजारपण की घरगुती?’
तिसरं नसतं का?
त्याने चष्म्यावरून बघितलं.
‘तिसऱ्याला प्रश्न विचारतात.
आणि हे वर्ष संपल्यावर करायचं असतं, ताई.
आधी गॅप पडू तर दे.’
पडणार नाहीये, म्हटलं, घेणारे मी.
‘कागदावर पडतोच,’ तो म्हणाला
आणि पुढच्या माणसाचं भाडेपत्र ओढलं.

पप्पा प्रेस शॉपला, पहिली पाळी.
एकोणीस वर्षं. आजोबांचे तीन दिवस सोडले
तर हजेरीला भोक नाही.
शुक्रवारी ते गेलेच नाहीत.
सहज, म्हणाले.
आईने सवयीने डबा भरला,
तो त्यांनी ओट्याशी उभ्याने खाल्ला,
झाकण उलटं करून त्यात लोणचं घेऊन.
स्कूटर धुतली.
अकराला पुन्हा धुतली.
दुपारी माझ्या दारात उभे राहिले,
हात कुठे ठेवायचे ते न सुचून,
आणि विचारलं,
‘दिवसभर काय करतात गं?’

टोमणा नव्हता. मी नीट ऐकलं,
खरंच माहीत नव्हतं त्यांना.

मी सरकले. कॉट कुरकुरली.
वही दाखवली: तलवार बदक, शेपटीचं टोक चुकलेलं.
त्यांनी बोट ठेवून म्हटलं,
इथे दोन एमेम जास्त झालंय.
साडेतीनला कुठल्याशा कंपनीचा भोंगा झाला
तसे अर्धे उठले, परत बसले.

चार पन्नास.
स्क्रीन विझायला लागली की मी बोट लावायचे,
पुन्हा उजळायची.
येवल्याची ती मुलगी आठवली.
तिच्याकडे लाइट असेल ना, एवढंच आलं मनात.
चार छप्पन्न.
पप्पा काही बोलले नाहीत,
मीही नाही.
पाच वाजले तेव्हा
चारही हात आपापल्या मांड्यांवर होते.

संध्याकाळी आई पेन घेऊन कॅलेंडरपाशी गेली.
शुक्रवारच्या चौकटीत ‘खा’ लिहिलं,
जरा विचार करून, जरा मोठं.

दूध तर आलं होतं.