माप

बँकेतल्या पोरानं पडदा माझ्याकडे वळवला.
‘मावशी, तुमची तीन कर्जं थकलीत.’
मी आले होते पिको-फॉलच्या मशीनसाठी.
तासगाव सोडून जाणं म्हणजे सांगली, फार तर कवठेमहांकाळ,
आणि पडद्यावर मी भिवंडीत.
खोली नंबर अकरा.
एक मोटारसायकल, एक भारी फोन,
आणि एक नुसतंच ‘वैयक्तिक’.

मला सायकलसुद्धा येत नाही, साहेब.

नाव माझंच, वैजयंता तानाजी खराडे.
जन्मतारीख माझीच,
गुरुजींनी अंदाजानं टाकलेली एक जून.
ती चूकही तिनं तशीच्या तशी उचलली.
आईचं नाव विचारलं असेल, तेव्हा
बरोबर सांगितलं तिनं.
ते मात्र लागलं.

कुठं कुठं देऊन बसले मी स्वतःला?
गॅसवाल्याकडं. बचत गटात दोनदा.
स्टँडसमोर छत्रीखाली सिमकार्ड विकणाऱ्या पोराकडं.
‘मशीन घेत नाही, परत लावा,’ म्हणाला,
आणि मी बोट पदराला पुसून
परत लावलं.

बावीस वर्षं कापड कापतेय.
माझ्या वहीत अर्ध्या गल्लीची मापं आहेत.
कोण वाळली, कोण सुटली, कुणाला दिवस गेलेत,
मला घरच्यांच्या आधी कळतं.
कधी कुठं बोलले नाही.
आणि माझ्याच मापानं कुणी
अख्खी बाई शिवून घेतली,
उसवेपर्यंत घालून हिंडली
आणि बोळा करून टाकली माझ्या दारात.

चौकीत अर्ज. कंपनीला पत्र. पुन्हा पत्र.
शिक्क्याची पोच दुधाच्या पिशवीत गुंडाळून.
भाचा सुयोग आधारला कुलूप घालून गेला,
‘वर्षातून एकदा रिपोर्ट फुकट मिळतो आत्या, बघत जा.’
दोन कर्जं पुसली.
मोटारसायकल अजून फिरतेय.

आता झेरॉक्स द्यायची झाली
की तिच्या अंगावरून तिरकी रेघ ओढते,
खडूनं कापड आखावं तशी,
आणि लिहिते : फक्त मशीनच्या कर्जासाठी.
तारीख. सही.
झेरॉक्सवाला हसतो.
बिघडलेली प्रतही मागून घेते,
फाडून चिंध्यांच्या पोत्यात.

परवा नवी शिकाऊ पोरगी
गिऱ्हाइकाचं माप घेताना आकडे मोठ्यानं म्हणत होती,
चौतीस, एकोणतीस,
दार सताड उघडं.
हळू म्हण गं, म्हटलं.
आणि वही मिटून
मांडीखाली घेतली.